अण्णाचं टोपण

अण्णा, हे पत्र मी डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर तुम्हाला ओळखू येणार नाही, कारण या हाताला तुम्ही अक्षर येऊच दिलं नाही. उजव्याने मी जन्मभर मापं लिहिली, नळ्यांच्या याद्या लिहिल्या, तुमच्या तेराव्याच्या चिठ्ठ्याही उजव्यानेच लिहिल्या. आज पंचावन्नाव्या वर्षी डाव्यात पेन धरलं तर अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी पडतात, एक रेघेच्या वर, एक खाली. पडू देत. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, आता बोटांवर पट्टी मारायला कोणी येत नाही. असं लिहिताना थोडी मजा वाटते आहे, तेही सांगून टाकतो, कारण पुढे मजेचं फारसं काही नाही.

निमित्त कालच्या फोनचं. इथे लातुरात औसा रोडला एका घरी सोलरचं गरम पाणी येत नव्हतं. आपला एक फिटर तिथे गेला होता, चाळिशीचा माणूस, हाताला चांगला, पण अडलं की मला फोन करतो, जसे सगळे पूर्वी तुम्हाला विचारायला यायचे. म्हणाला, "काका, पाणी फिरून न्हाई राहिलं. पॅनल तर हात लावू देईना आन टाकी गार हाय." मी तुमचेच चार प्रश्न विचारले. खालची नळी गार आहे का. वरची किती गरम आहे. मधे कुठे नळी खचून तिला पोट आलंय का. हवेची नळी मोकळी आहे का. तो फोन कानाला तसाच धरून शिडी चढला आणि वरून हसला. "काका, हितं पण अण्णाचं टोपण निघालं की." मी म्हणालो, "हाव. काढ ते, हवा जाऊ दे," आणि फोन ठेवला.

अण्णाचं टोपण म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नाही. सोलरमध्ये पंप नसतो, गरम पाणी आपसूक वर चढतं आणि गार खाली उतरतं, त्यातून सुटणारी हवा जायला टाकीवर एक उघडी नळी उभी असते. त्या नळीच्या तोंडाला कोणी शहाण्याने टोपण लावलं, आत हवा धरली आणि पाणी फिरायचं थांबलं, की लातूरपासून नांदेडपर्यंतचे फिटर त्याला अण्णाचं टोपण म्हणतात. ज्यांनी तुम्हाला पाहिलंही नाही ते म्हणतात. मुदखेडला एका दुकानात मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होता, एवढा मोठा मिस्त्री, पण म्हातारपणी पाणी वाचवायला गेला आणि पोराच्या घरचं सोलर बंद पाडून बसला. मी शेजारी उभा होतो. मी हसलो. चाळीस वर्षांच्या कामाने तुमचं नाव राहिलं नाही ते एका टोपणाने राहिलं, आणि ते टोपण तुम्ही लावलेलंच नव्हतं. मी लावलं होतं. लावून विसरलो होतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

पण आधी तुमचं सांगतो, कारण तुमचं सांगताना माझा हात भरभर चालतो. नांदेडचं आपलं स्वयंपाकघर अरुंद, एका अंगाला स्टोव्ह, दुसऱ्या अंगाला पाण्याचे हंडे, आणि मधल्या जागेत चार पाट. जेवायला तुम्ही मला कोपऱ्यात बसवायचात, डावा खांदा भिंतीला टेकेल असा, म्हणजे तो हात उचलताच येऊ नये. तरी उठलाच, तर तुम्ही मारायचा नाहीत, ओरडायचाही नाहीत. माझ्या ताटातली भाकरी उचलायची, आपल्या ताटात ठेवायची आणि शांतपणे खायची. आई म्हणायची, "लेकरू हाय, समजंल की हळूहळू." तुम्ही घास चावता चावता म्हणायचात, "डावरा मिस्त्री कुणी दारात उभा करत न्हाई. लोकायच्या देवघरात डाव्या हातानं पाणी सोडंल का हा?" तुमचं एक खरं होतं, लोक तेव्हा नाकं मुरडायचे. पण माझी भाकरी खाताना तुमच्या तोंडावर जे समाधान असायचं, ते काही देवाधर्माचं नव्हतं. मी ते समोरून बघत होतो, भूक लागलेल्या माणसाला समोरच्याचं तोंड फार स्पष्ट दिसतं.

मी उजवा झालो. निदान दिसायला झालो. पण दोरा मला सोडत नव्हता. नळीच्या आट्यांवर दोरा गुंडाळायचा, वर सफेद्याचा पांढरा लेप लावायचा आणि जोड आवळायचा, एवढं साधं काम. दोरा आवळण्याच्या दिशेनेच जावा लागतो. उलटा गेला की आवळताना तो बसत नाही, बाहेर ढकलला जातो आणि जोडाच्या काठावर धाग्याची झिपरी निघते. तुम्ही तिला दाढी म्हणायचात. घाईत, दमल्यावर, कोणी बघत नसताना माझा दोरा उलटा फिरायचा आणि जोडाला दाढी यायची. शंभर जोडांतला माझा कोणता हे तुम्ही लांबून ओळखायचात. तुमच्या हाताखाली माणसं पुष्कळ आली, पण असा दोरा दुसऱ्या कोणाचा नव्हता.

उमरीचा तो दिवस तुम्ही विसरला असाल, मारणारा विसरतो. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यांच्या भावकीतला बड्या शेतीचा माणूस, नवं दुमजली घर, आणि सोलर म्हणजे तेव्हा तालुक्यात अप्रूप. आपण ते बसवून आठ दिवस झाले तरी पाणी कोमटच येत होतं. घरात लग्न तोंडावर आलेलं, अंगणात बायका शेवया वाळत घालत होत्या, माझी बायकोही माहेरच्या माणसांत म्हणून दोन दिवस आधीच येऊन राहिली होती. तुम्ही गच्चीवर चढलात आणि कशालाही हात न लावता उभे राहिलात. मग नळीवरून तळवा फिरवत गेलात आणि एका जोडापाशी थांबलात. दाढी होती. जोड उघडला तर दोऱ्याचं शेपूट आत लोंबत होतं, त्यावर कचरा बसून बोळा झाला होता. पंप असता तर पाणी त्याला ढकलून गेलं असतं, पण सोलरच्या पाण्याला तेवढा जोर नसतो. चूक माझी होती, मी ती कबूल करायला तोंडही उघडलं होतं. तुम्ही कानाखाली वाजवलीत. पंचवीस वर्षांचा घोडा मी, गच्चीच्या कठड्याला धडकलो.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहीत नसतो. तुम्ही खिशातली दस्ती, तुमचा तो रुमाल, काढलीत आणि माझा डावा हात पाठीमागे नेऊन कमरेच्या पट्ट्याला बांधलात. गाठ मारून झाल्यावर कठड्यावरून खाली अंगणाकडे वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "लगीन झालं तरी हात धड न्हाई ह्याचा. बायको तरी उजव्या हातानं केली का न्हाई, देव जाणे." अंगणातल्या बायका हसल्या. घरमालक हसले. संध्याकाळपर्यंत मी एका हाताने नळ्या उतरवल्या आणि चढवल्या, आणि येता-जाता प्रत्येकाने ती दस्ती बघितली. माझी बायको हसली नाही. तिने हातातली शेवयांची काडी खाली ठेवली आणि आत निघून गेली, जेवणापर्यंत बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरात चटका बसेल असं पाणी आलं आणि तुमचं नाव उमरीत झालं.

मग मी लातुरात वेगळं काम मांडलं. तुम्ही नांदेडहून एसटीने आलात आणि मला चौदा इंची पाना दिलात, वर्तमानपत्रात गुंडाळून. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. घरी नेऊन बघितलं तर त्याच्या दांड्यावर तुम्ही कानशीने खाच केली होती, उजवा अंगठा नेमका बसेल अशी. डाव्याने धरला की तीच खाच तळव्यात रुतायची. किती वेळ घालवला असेल तुम्ही त्या खाचेवर, कडा घासून किती गुळगुळीत केल्या होत्या. तो पाना अजून माझ्या पिशवीत आहे. खाच मी पुट्टी भरून बुजवली.

आता माझं. त्या वर्षी लातुरात नळाला पाणी यायचं बंदच झाल्यासारखं होतं, लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले. चैत्रात तुम्ही आठ दिवस आमच्याकडे आलात. तेव्हा तुमचे पाय चांगले होते. बोअरच्या जड पाण्याने पॅनलच्या नळ्या क्षाराने भरल्या आहेत म्हणून तुम्ही चार दिवस गच्चीवर बसून त्या साफ केल्यात, अख्खी गल्ली बघत होती. तुम्ही गेल्यावर मी टँकरचं पाणी साठवायला मोठी टाकी आणून उंच कट्ट्यावर चढवली. टाकी उंच झाली, हवेची नळी तेवढीच राहिली, म्हणून टाकी भरली की त्या नळीच्या तोंडातून पाणी ठिबकायला लागलं. त्या उन्हाळ्यात गच्चीवरून पाणी गळणं म्हणजे चारचौघांत पाप. बायको म्हणाली, "अहो, टँकरचं पाणी वाहून चाललंय, शेजारचे वर बघून राहिलेत." तिने शिडी धरली, मी चढलो. करायला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, तीन फूट नळी जोडून तोंड वर न्यायचं. घरात नळी नव्हती. पिशवीत टोपण होतं. दोन दिवसांचा प्रश्न, म्हणून दोरा गुंडाळला आणि टोपण आवळून टाकलं. उन्हाळ्यात गरम पाणी कोणाला लागतं? नळी मी आणलीच नाही.

आषाढात तुमचं उजवं अंग लुळं पडलं. आई आधीच गेलेली, नांदेडला तुम्ही एकटे, म्हणून मी तुम्हाला घेऊन आलो. डॉक्टर म्हणाले उजव्या हाताची आशा धरू नका, डाव्याची सवय करा. डाव्याची सवय करा, हे वाक्य मी तुमच्या तोंडाकडे बघत ऐकलं. घरी आल्यावर तुमची खाट मी भिंतीला लावली, डावी बाजू भिंतीकडे करून. बायकोने विचारलं, "अहो, चांगला हात भिंतीकडं कशाला?" मी म्हणालो, "तोल जाऊन पडतील." पहिल्या जेवणाला तुम्ही भिंतीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि अर्धं वरण अंगावर सांडलं. खाट फिरव असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. मी बिलोलीला कामावर गेलो होतो तेव्हा बायकोने शेजारणीला हाताशी धरून ती फिरवली. परत आल्यावर मी ती तशीच राहू दिली.

जीभ मात्र तुमची महिनाभरात वळायला लागली. मग फिटर यायला लागले. सकाळी कामाला निघायच्या आधी तीन-चार जण व्हरांड्यात तुमच्या खाटेभोवती बसायचे, चहा प्यायचे आणि आपापलं अडलेलं सांगायचे. कोणाचं पाणी दुसऱ्या मजल्यावर चढत नाही, कोणाची टाकी रात्रीतून गार होते. तुम्ही डोळे मिटून चार प्रश्न विचारायचात आणि दोष सांगायचात. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, अण्णा म्हणाले तेच निघालं. सकाळचा तो तासभर तुम्ही खाटेवरचे म्हातारे नसायचात, मिस्त्री असायचात. तेवढंच तुमच्याजवळ उरलं होतं, हे मला दिसत होतं. आता लिहिताना सुचलेलं नाही, तेव्हाच दिसत होतं.

दिवाळीच्या अंघोळीला पाणी कोमट आलं. हवेच्या नळीला तुम्ही व्हेंट म्हणायचात; खाटेवरूनच म्हणालात, "व्हेंट बघ. एअर धरलंय." मी म्हणालो, "बघितला." मी शिडीवर पायही ठेवला नव्हता. दोन दिवसांनी तुम्ही पुन्हा विचारलंत, मी पुन्हा म्हणालो बघितला. बायको गॅसवर पाणी तापवायला निघाली तर तुम्ही अडवलंत, "मिस्त्रीच्या घरी सोलर असून गॅसवर पाणी? लोक काय म्हणतील." आणि त्या थंडीत तुम्ही कोमट, मग गार पाण्याने अंघोळ करायला लागलात. मी आत बसून तुमचे दात वाजलेले ऐकायचो. दुसऱ्यांची सोलर मी दिवसाला दोन-दोन दुरुस्त करत होतो. घरचं करू सवडीने, असं म्हणत होतो. आपलं पाणी जसं गार होत गेलं तसा मला एक प्रकारचा आराम वाटायला लागला होता, अण्णा, तो मी दुसऱ्या कोणापाशी बोलू शकलो नसतो.

मार्गशीर्षातली सकाळ. व्हरांड्यात तिघे बसले होते. त्यांतले एक नांदेडचे, तुमच्याच हाताखाली तयार झालेले, केस पिकलेले, तुमच्यासमोर अजून मांडी घालून बसायचे. मी पिशवी घेऊन बाहेर पडत होतो. तुम्ही म्हणालात, "थांब जरा. ह्याच्या घरचं सोलर महिन्यापास्नं गार हाय. इचारा ह्याला, व्हेंट बघितला का. बघितला म्हणतो. बघितला न्हाई. हात डावरा व्हता, आता डोळाबी डावरा झालाय." ते हसले. वाईट मनाने नाही, थोरला माणूस बोलला की हसतात तसे. मला मात्र कमरेशी ती दस्ती आवळल्यासारखी वाटली. मी पिशवी खाली टाकली, शिडी लावली आणि वर चढलो.

टोपणाचा पाव फेरा सोडला आणि नळीने लांब श्वास टाकला. हवा बाहेर येत राहिली, येत राहिली, मग पाण्याची गुळणी आली. मी ते टोपण घेऊन खाली आलो आणि तुमच्या मांडीवर ठेवलं. "हे घ्या," मी म्हणालो, "तुमचंच काम हाय. चैतात चार दिवस तुम्हीच वर बसून व्हता. पाणी वाचवायला गेले. चाळीस वरसं दुनियेला शिकवलं आन पोराच्या घरचा व्हेंट बंद करून गेले." कोणी हसलं नाही. तुम्ही डाव्या हाताने टोपण उचललंत. त्या हाताला अजून नीट सवय झाली नव्हती, तरी तुम्ही ते उपडं केलंत आणि अंगठा आत घालून आतल्या आट्यांवरून फिरवलात. बराच वेळ फिरवलात. मग माझ्याकडे पाहिलंत. नांदेडचे ते मिस्त्री म्हणाले, "अण्णा, तुमच्याकून असं कसं व्हईल?"

"व्हतंय," तुम्ही म्हणालात. "माझंच हाय ते. ध्यानात न्हाई राहिलं. म्हातारं झालं की व्हतंय. चहा घ्या, गार व्हईल."

त्या दुपारी सोलर तापलं आणि दुसऱ्या सकाळी नळाला हात लावू देईना असं पाणी आलं. बायकोने तुमच्यासाठी बादली भरली. तुम्ही म्हणालात, "गारच दे." तिने खूप समजावलं, शेवटी रडली, पण तुम्ही गारच घेतलंत, त्या दिवशी आणि त्यानंतर रोज. फिटर आणखी आठवडाभर आले. फरक एवढाच पडला की त्यांचे प्रश्न तुमच्या खाटेवरून माझ्याकडे यायला लागले. तुम्ही मधे पडून ऐकायचात आणि मी तुमचीच उत्तरं त्यांना द्यायचो. एकदा तुम्ही काही सांगायला हात वर केलात, तर एक जण हसून म्हणाला, "राहू द्या अण्णा, तुमी टोपण लावून जाताल." मी त्याला गप्प बसवलं नाही. नांदेडचे मिस्त्री त्यानंतर आलेच नाहीत.

त्याच आठवड्यात बायकोने भाकऱ्या थापताना, पाठमोरी असतानाच, विचारलं, "ते टोपण उन्हाळ्यात तुम्ही लावलं होतं ना? मी शिडी धरली होती." मी म्हणालो, "ते दुसरं. हे अण्णांनी लावलं." भाकरी उलटून ती म्हणाली, "बरं." चौदा वर्षांत तिने तो विषय काढलेला नाही. पण शिडी धरायला मी तिला हाक मारली की ती मुलाला पाठवते.

संक्रांतीच्या आधी तुम्ही गेलात. ताप, मग छातीत कफ. गार पाण्याने कोणी मरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं होतं.

तुम्ही का कबूल केलंत, यावर मी बराच विचार केला. लोक म्हणतील बापाची माया. मी तुमच्या मायेत वाढलो आहे, मला ती ओळखू येते, ही ती नव्हती. तुम्ही एक शब्द बोलला असता, ह्या दोऱ्याकडं बघा, कुणाचा हाय सांगा, तर नांदेडच्या मिस्त्रींनी तिथल्या तिथे ओळखलं असतं आणि माझं लातुरातलं काम उठलं असतं. मी चिडलो असतो, भांडलो असतो, आणि उमरीसारखंच तेही तुमच्या खात्यावर मांडून मोकळा झालो असतो. तुम्ही मला मोकळं होऊ दिलं नाहीत. माझ्या ताटातलं उचललंत, आपल्या ताटात ठेवलंत आणि सगळ्यांसमोर शांतपणे खाल्लंत. फक्त त्या वेळी तुमच्या तोंडावर समाधान होतं की नाही, हे मला सांगता येत नाही. मी तिकडे बघितलं नाही.

आता राहिलं ते लिहितो. लावून विसरलो होतो हे खरं नाही. मधल्या महिन्यांत विसरलोही असेन, पण त्या सकाळी शिडीवर उभं राहिल्यावर टोपणाला हात लावायच्या आधीच मला काठावरची दाढी दिसली. पांढरी, सफेद्याने कडक झालेली, माझी. टोपण काढून उतरताना, शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या असताना, मी ती दाढी नखाने ओढून काढली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. आत दोरा राहिला होता. तो मला दिसला नाही असं लिहिणार होतो, पेन टेकवलंही होतं. दिसला होता. उलटा फिरलेला स्वच्छ दिसत होता. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला काय कळणार आहे.

उद्या सकाळी तो औसा रोडचा फिटर ते टोपण घेऊन इथे येणार आहे. व्हरांडा तोच आहे, फक्त खाटेच्या जागी माझी खुर्ची असते. सगळ्यांना दाखवतो म्हणाला. हे पत्र लिहायला बसलो तेव्हा मनात होतं की उद्या त्यांच्यासमोर सांगून टाकायचं, टोपण कोणाचं होतं ते. आता बोटं आखडली आहेत आणि कागदही संपत आला आहे. हा कागद मी पिशवीत पान्याखाली ठेवीन. उद्या तो म्हणेल अण्णाचं टोपण, आणि सगळ्यांच्या आधी मी हसेन.